डबा लपवा, मावशी येतायत

जर्मनीत, रेगेन्सबर्गमधल्या मराठी घरांत पाहुणे यायचे असले की काय काय लपवतात, याची मला चांगली माहिती आहे. न उघडलेली सरकारी पत्रं लपवतात, वाळत घातलेले कपडे लपवतात, मुलांच्या खोलीचं दार ओढून घेतात. पण मावशी येणार असं कळलं की घरातली बाई यातलं काही न करता थेट स्वयंपाकघरात धावायची आणि औषधांचा डबा बासमतीच्या पोत्यामागे सारायची. मग दार उघडून हसून म्हणायची, "या या, मावशी."

मावशी आत यायच्या, बूट काढायच्या, सायकलचं हेल्मेट काढायला विसरायच्या आणि म्हणायच्या, "आल्झो, तर मग. डबा कुठंय?"

"कुठला डबा, मावशी?"

"तांदळामागचा."

मावशी आमच्यापैकी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. जुन्या गावातल्या एका आपोटेकेत, म्हणजे इथल्या औषधांच्या दुकानात, त्यांनी फार्मासिस्ट म्हणून आयुष्य काढलं आणि मग त्या निवृत्त झाल्या. ही निवृत्ती फक्त त्या दुकानापुरती. पुढे त्यांनी आमची घरं तपासायला घेतली. कुणी त्यांना हे काम दिलं नव्हतं आणि कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "मला कोण देणार? मी घेतलंय."

त्यांचा राग कशावर होता ते सांगायला हवं. सुट्टीहून परत येणाऱ्या मराठी माणसाच्या बॅगेत भाजणी आणि गोळ्या असतातच. इथले डॉक्टर काही देत नाहीत, ही आमची सार्वजनिक तक्रार. अंगात ताप घेऊन जावं, तर ते म्हणतात झोपा आणि चहा प्या. चहा प्यायला डॉक्टर कशाला हवा, असं आमची आई अजून म्हणते. म्हणून पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर गोळ्या येतात, आणि त्या येतात अर्ध्या पट्ट्यांनी. तिकडचा दुकानदार कात्रीनं पट्टी कापून देतो, नाव आणि तारीख राहते दुसऱ्या तुकड्यावर आणि तो तुकडा राहतो पुण्यात. इथं पोचते ती 'दादांची पिवळी', 'पोटाची गुलाबी' आणि 'ती नाही का, मागच्या वेळी दिली होती ती'.

मावशी एकेक तुकडा खिडकीशी धरायच्या. "हिचं नाव काय?"

"सर्दीची आहे, मावशी."

"मी काम नाही विचारलं. नाव विचारलं."

नाव सांगता आलं नाही की तुकडा त्यांच्या खांद्यावरच्या काळ्या कापडी पिशवीत जायचा. सगळा डबा उपसून झाल्याशिवाय त्या चहाला हात लावायच्या नाहीत. या पिशवीतल्या गोळ्यांचं पुढे काय होतं, असं एकदा एका काकूंनी भीत भीत विचारलं. मावशी म्हणाल्या, "कचऱ्याबरोबर भट्टीत जातात. राख होते. तेरावं घालायचं असलं तर घाला." काकूंच्या त्या पट्टीत त्यांच्या सासऱ्यांनी मिरजेहून पाठवलेल्या गोळ्या होत्या, त्यामुळे त्यांना हसावं की रडावं कळेना.

कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि वर हेल्मेट, असं ते ध्यान डॅन्यूबच्या काठानं सायकल हाकत जाताना दिसलं की अनोळखी जर्मन माणसंही वाट द्यायची. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुंकवावरून इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी कुजबुजलं, ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, करंड्यातलं कुंकू बोट भरून आणखी लावलं आणि म्हणाल्या, "कपाळ माझंय." विषय संपला. पुढच्या वर्षीपासून त्या कुजबुजणाऱ्या बाईच सगळ्यांत आधी मावशींना कुंकू लावायच्या.

सांगलीच्या बाजूच्या मावशी लग्न होऊन इथं आल्या तेव्हा फार्मसी शिकूनच आल्या होत्या. इथं ते शिक्षण कुणी जमेत धरलं नाही. मग कडेवर मुलगी असताना त्या पुन्हा पहिल्या वर्षाला बसल्या, नुकत्याच शाळेतून आलेल्या पोरांबरोबर. याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. "दोनदा शिकले म्हणून दोनदा कळलं," एवढंच म्हणायच्या. औषधाविषयी त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. औषध म्हणजे पाहुणा, बोलावलं तर यावं, काम झालं की जावं. आणि हे वाक्य त्या नेमकं कुणाच्या तरी घरी पाहुण्या म्हणून बसलेल्या असताना म्हणायच्या.

आता त्या हॅनोव्हरला लेकीकडे असतात. माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो मला फार्मसीला जायचं होतं म्हणून.

मी नववीत असताना बाबांना इथल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. जर्मन शिकत शिकतच मी आबिटुअर, म्हणजे इथली बारावी, दिली आणि गुण बेताचे पडले. बेताच्या गुणांवर फार्मसीत कुणी उभं करत नाही. मग मी विद्यापीठात केमिस्ट्रीच्या बॅचलरला नाव घातलं आणि ठरवलं की शिकता शिकता फार्मसीची प्रवेश परीक्षा द्यायची. तिच्यात चांगले गुण पडले तर जुने गुण थोडे झाकले जातात आणि जागा मिळण्याची आशा असते. बाबांचं म्हणणं, केमिस्ट्री काय वाईट आहे? वाईट काहीच नव्हती. पण मला ती जागा हवी होती, आणि इतकी हवी होती की लेक्चरला जाताना फार्मसीच्या इमारतीसमोरून जायचं मी टाळायची.

आईनं मला मावशींसमोर उभं केलं. "मावशी, हिला फार्मसीला जायचंय. जरा गाइड करा ना."

"का?" मावशींनी मला विचारलं.

अर्जासाठी घोकलेलं उत्तर माझ्याकडे तयार होतं. "मला लोकांना मदत करायची आहे."

मावशींनी खिडकीतून खाली बघितलं. "तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई बाजार करून येतायत. पिशवी जड दिसतेय. जा."

मी खाली गेले, पिशवी उचलून दिली, धापा टाकत वर आले.

"झाली मदत? आता सांग. फार्मसी का?"

तेव्हा मी खरं ते सांगितलं. आम्ही इथं नवीन होतो तेव्हा आईला दमा उपटला होता. तिला जर्मनचा गंध नव्हता, मला जेमतेम. आपोटेकेतल्या बाईंनी माझ्याशी न बोलता आईशीच बोलायला घेतलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तरी कळेना, तेव्हा त्यांनी पंपाच्या खोक्यावर पेननं एक सूर्य काढला, एक चंद्र काढला, आणि प्रत्येकापुढे किती वेळा ओढायचं त्याच्या रेघा. आईचा चेहरा असा सैलावला की मला त्या काउंटरच्या पलीकडे जावंसं वाटलं. अजून वाटतं.

मावशींनी हेल्मेट काढलं, ते बहुधा मी पहिल्यांदाच बघत होते. "शनिवारी ये," त्या म्हणाल्या. "पुस्तकं आणू नकोस. ती तू वाचशीलच, तेवढी अक्कल दिसतेय."

त्या शनिवारांबद्दल माझ्या वर्गातल्या मुलांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. मावशी मला ताक करायला लावायच्या. दही किती, पाणी किती, आता अमुक टक्के पातळ कर, आता त्यातलं निम्मं काढून पुन्हा पाणी घाल, आता किती टक्के राहिलं? उत्तर चुकलं तर ताक मिळायचं नाही. परीक्षेत द्रावणांची गणितं येतात, ती मला अजूनही ताकाच्या चवीसकट आठवतात. कधी वाटीत मेण आणि तेल घोटून मलम करायला लावायच्या आणि पाठीशी उभ्या राहून एकच मंत्र म्हणायच्या, "कडेचं मध्ये आण. कडेचं मध्ये आण." कधी डोळे बांधून जिरं, शहाजिरं, बडीशेप हुंगायला द्यायच्या. इथं नवीन आलेली प्रत्येक मराठी बाई क्युमेल नावाचं पाकीट जिरं समजून घेते आणि मग वरणाला असा काही वास येतो की नवरा जेवण झालं म्हणून उठतो. आमच्या आईनं तर ते पाकीट वाया जाऊ नये म्हणून संपेपर्यंत वापरलं. मी हाताच्या अंदाजानं काही घातलं की मावशी मनगट धरायच्या. "अंदाज फोडणीला. इथं वजन."

आणि मग आम्ही दुकान-दुकान खेळायचो. टेबल म्हणजे काउंटर, मी पलीकडे, मावशी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणून मावशी भयंकर होत्या. पहिल्यांदा त्या बव्हेरियन शेतकरी होऊन आल्या, टेबलावर मूठ आपटली आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या दे, म्हणून जर्मनमधून ओरडल्या. मी शांतपणे नाइन, म्हणजे नाही, म्हटलं, कारण सांगितलं, डॉक्टरांची टेर्मिन, म्हणजे वेळ, घ्या म्हटलं.

"गुट, छान," मावशी म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. पुन्हा दार वाजवून आत आल्या, तेव्हा खांद्यावरचा नसलेला पदर सारखा करत होत्या.

"अगं बाई, तू होय इथं? बरं झालं, आपलं माणूस भेटलं. तुझ्या आईला मी चांगली ओळखते हो. ऐक ना बाळा, घशाला फार त्रास होतोय. ती अँटिबायोटिक असते ना, एकच पट्टी दे. आपल्याकडे देतात की."

"काकू, त्याला चिठ्ठी लागते."

"लागते गं, पण तू आहेस ना? एवढ्या लांबून आले मी. माझ्या मुलीसारखी तू."

"बघते हं, काकू," मी म्हटलं.

"काय बघतेस?"

"म्हणजे... विचारून सांगते."

"नापास," मावशी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "जर्मनमध्ये तू वाघ आहेस, मराठीत शेळी. हे 'बघते' म्हणजे काय?"

"नाही म्हणणंच आहे ते, मावशी. आपल्यात असंच म्हणतात."

"आपल्यात असंच म्हणतात म्हणून आपले डबे असे भरलेत. भीड भिकेची बहीण, गेनाऊ, अगदी तेच. तुला परीक्षेत हे कुणी विचारणार नाही. मी विचारणार."

त्यांचं म्हणणं खरं होतं. जर्मन भाषेत मी मोठी झाले ती बसच्या तिकिटावरून, ऑफिसांच्या खिडक्यांवरून भांडत. पण मराठीत माझ्यासमोर कायम कुणीतरी मोठं माणूस असायचं, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. दर शनिवारी मावशी कुणाची तरी सासू, कुणाची तरी आत्या होऊन यायच्या आणि दर शनिवारी मी नापास व्हायची.

पहिली परीक्षा आली तेव्हा आमच्याकडे आजी आली होती, कोल्हापूरहून, उन्हाळ्याभरासाठी. परीक्षा दुसऱ्या शहरात होती, बाबा गाडीनं सोडणार होते. त्या सकाळी मला सटासट शिंका येत होत्या. आजीनं कमरेच्या पिशवीतून एक तुकडा काढला, त्यात पिवळ्या गोळ्या.

"ही घे. तुझ्या आजोबांची सर्दी एका गोळीत पळायची."

"नको आजी."

आता आपल्याकडे पहिला नको म्हणजे शिष्टाचार. दुसरा नको म्हणजे संकोच. तिसऱ्याच्या आधीच पानात वाढलेलं असतं. "नको काय नको? परीक्षेत शिंकत बसणार का? मी काय परकी आहे? एवढं जपून आणलंय." आजीनं स्वतः पाणी आणून पेला माझ्यापुढे धरला होता. मला नाव, तारीख, काळी पिशवी, सगळं आठवत होतं. मी गोळी घेतली.

शिंका खरंच थांबल्या. बाकी सगळंही थांबलं. परीक्षेच्या दालनात संगणकासमोर मी पहिला प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि मग कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावून जर्मनमधून विचारत होतं की तुम्हाला बरं आहे ना. माझ्या गालावर कीबोर्डची नक्षी उठली होती. उरलेल्या वेळात मी जे टिपलं त्याला उत्तरं म्हणवत नाही. जागा मिळाली नाही. कळलं तेव्हा मी न्हाणीघराचं दार लावून नळ सोडून रडले, आणि बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "सर्दी परत आली वाटतं. देऊ का गोळी?"

मावशींना मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. माझा चेहरा बघून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चल, तुमच्याकडे."

आईला डबा लपवायला वेळच मिळाला नाही. पण मावशींनी डबा मागितला नाही. त्या आजीशेजारी बसल्या, सांगली-कोल्हापूरच्या गप्पा मारल्या, आणि मग म्हणाल्या, "ताई, ती पिवळी गोळी दाखवा बघू." आजीनं मोठ्या कौतुकानं दाखवली.

"या जुन्या गोळीनं झोप येते, ताई."

"येते की. म्हणून तर हे रात्री घ्यायचे..." आजी थांबली. माझ्याकडे बघितलं. "म्हणजे माझ्यामुळं पोरीचं..."

"तुमच्यामुळं नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही प्रेमानं दिली. देणाऱ्याचा हात कधी थांबत नसतो. हिला कळत होतं, थांबायचं हिनं होतं."

मला त्यांचा राग आला. आजीसमोर मलाच दोष देतात म्हणून आला, आणि त्यात काही खोटं नव्हतं म्हणून जास्त आला. दोन शनिवार मी गेले नाही. तिसऱ्या शनिवारी मावशींचा फोन आला. "ताक केलंय. एकटीला फार होतं." मी गेले.

पुढचं वर्ष मी केमिस्ट्री करत राहिले, परीक्षेची पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि शनिवारी नापास होत राहिले. मात्र आता थोडा उशीर लावून नापास व्हायची. एकदा तर मावशींना तीन वेगवेगळ्या आत्या व्हावं लागलं, तेव्हा कुठं मी 'बघते' म्हटलं. मधूनच त्या गुडघा चोळायच्या. हृदयाच्या ठोक्यांची काहीतरी तक्रार निघाली होती, डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली होती, आणि सायकल तळघरात गेली होती. हेल्मेट मात्र दाराच्या खुंटीवर होतं.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी शिंका नव्हत्या, पण माझे हात गार पडले होते. आई एका वाटीत काहीतरी घेऊन आली. "मंडळातल्या काकूंनी दिलीये. डोकं शांत राहतं म्हणे. आयुर्वेदिकच आहे गं."

"नाही, आई."

"अगं, साधी गोळी आहे."

"नाही. मी घेणार नाही. मला काय आहे ते माहीत नाही."

असं सरळ नाही मी आईला मराठीत कधी म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. "अहो, तुम्ही सांगा ना हिला," ती बाबांना म्हणाली. बाबा म्हणाले, "मी गाडी काढतो." निम्म्या वाटेत पुढच्या सीटवरून आईनं मागे हात करून मला दशमी दिली, ती मी घेतली. परीक्षेत मी जागी होते. द्रावणांचे प्रश्न बघून मला ताकाची तहान लागली.

जागा मिळाल्याचं कळलं ती दुपार होती. पोर्टलवरचं ते वाक्य मी दोनदा वाचलं, आईनं देवापुढे साखर ठेवली, बाबा कारखान्यातून फोनवर नुसतेच "वा, वा" म्हणत राहिले. मी पळत मावशींकडे गेले. दार उघडंच होतं. त्या स्वयंपाकघरात टेबलाला धरून उभ्या होत्या.

"मिळाली, मावशी. इथंच, रेगेन्सबर्गला."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "आल्झो. स्टुलावर चढ. वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे बघ."

मला वाटलं पेढे ठेवले असतील. मी हात घातला तर हाताला लागली गोळ्यांची अर्धी पट्टी. कापलेली, निळ्या गोळ्यांची, नाव नसलेली.

"गुडघ्याची आहे," मावशी म्हणाल्या. "त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईनं दिली, मीच तिला तिथं वर ठेवायला लावली. तिच्या आईला लगेच उतार पडतो म्हणे. दे इकडे."

मला हसू आलं. हा खेळ मला ठाऊक होता. मी पट्टी हातात ठेवून टेबलाच्या पलीकडे, माझ्या जागेवर गेले. "नाव काय हिचं, काकू?"

"दे गं बाळा. एकच."

"तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता ना? मग ही चालणार नाही. आतून रक्तस्राव होऊ शकतो."

"मला शिकवतेस तू?" आवाज चढला. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी काउंटरवर उभी आहे. मला कळत नाही काय चालतं ते? आठवडा झाला मला नीट झोप नाही. एकानं काही होत नसतं. दे."

गिऱ्हाईकाच्या तोंडची ही सगळी वाक्यं मी आधी ऐकलेली होती. मी पुन्हा हसणार होते. तेवढ्यात मला त्यांचे हात दिसले. टेबलाची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती, आणि पदर सारखा करायचं त्या विसरल्या होत्या. हा खेळ नव्हता. माझ्यासमोर दुखण्यानं टेकीला आलेली एक म्हातारी बाई होती, मला आईखालोखाल जवळची, आणि ती माझ्याकडे खरोखर मागत होती. जगात दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"नाही, मावशी," मी म्हटलं आणि पट्टी पाठीमागे धरली. "नाही देणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं बघत होत्या, यात मला आजही शंका नाही. मग हळूच खुर्चीवर बसल्या आणि पाय लांब केला.

"फोन आण," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना लाव. सांग, दुखणं सोसत नाही, आजच बघा म्हणावं. मला जर्मनमध्ये रडता येत नाही, तू बोल."

मी फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली की पुढच्या आठवड्यातली टेर्मिन आहे. मी म्हटलं, नाइन, आजच. संध्याकाळची वेळ मिळाली.

"पास का, मावशी?" फोन ठेवून मी विचारलं.

"विद्यापीठानं केलंय ना पास? मग मला कशाला विचारतेस." त्यांनी हात पुढे केला, मी दचकले, पण त्यांना पट्टी नको होती. त्यांनी खुंटीवरच्या हेल्मेटकडे बोट केलं. हेल्मेटखाली काळी पिशवी टांगलेली होती. "ती घे. ही पट्टी तीत टाक. मला आता लोकांचे जिने चढवत नाहीत. आणि चहा कर, आलं घालून."

डबा उपसून झाला होता, म्हणून त्या चहा प्यायल्या. संध्याकाळी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, परत आणलं, आणि पिशवी खांद्याला लावून घरी निघाले. जिना चढून मी आमच्या दाराची बेल दाबली. आईची पावलं दाराशी आली आणि थांबली. दाराच्या भिंगातून तिनं मला पाहिलं असणार, माझ्या खांद्यावरची पिशवीही पाहिली असणार. पावलं उलटी वळली, घाईघाईनं स्वयंपाकघराकडे गेली, आणि बासमतीचं पोतं फरशीवरून सरकल्याचा आवाज मला बाहेर स्पष्ट ऐकू आला.

मग दार उघडलं. आई हसून म्हणाली, "ये ये."